कल्पनेचा कच्चा माल

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात एक चित्रफीत देशभर फिरली. ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहाच्या आवारात एक माणूस निवांत बसला आहे, वाघ येतो, झडप घालतो आणि त्याला ओढून नेतो, असे तीत दिसत होते. वन खात्याने लगोलग जाहीर केले की असा प्रसंग घडलेलाच नाही. ती फीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनवलेली आहे. पुण्यामुंबईच्या माणसाच्या लेखी विषय तिथे संपला. चंद्रपूर जिल्ह्यात तो तसा संपत नाही. याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, १० मे २०२५ रोजी तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. पानांचे पुडे बांधून चार पैसे गाठीला लावण्यासाठी जंगलात शिरलेल्या त्या बायांची आठवण जिल्ह्याबाहेर किती जणांना आहे? न घडलेल्या हल्ल्याची फीत मात्र ज्याच्या त्याच्या फोनवर पोचली. उद्या खरा वाघ गावाच्या शिवेवर आला, तर तो निरोप लोक खरा मानणार की थट्टेवारी नेणार, ही चिंता आता वनरक्षकाच्या आणि पोलीस पाटलाच्या माथी आली आहे.

या प्रसंगानंतर कार्यकर्त्या मित्रांशी बोलताना एकच सूर वारंवार कानी पडला. यंत्र वाईट, त्यातून निघणारी चित्रे वाईट, आणि मुळात असल्या अद्भुताच्या नादी लागणेच वाईट. पहिल्या दोन विधानांचा विचार पुढे करू. तिसरे मला साफ अमान्य आहे. अद्भुताकडे संशयाने पाहण्याची पुरोगामी चळवळीला जुनी खोड आहे. वास्तववादी कथा-चित्रे तेवढी जनतेची, आणि यक्ष, राक्षस, परग्रहावरची माणसे हा सुखवस्तूंचा विरंगुळा, अशी वाटणी आपण कधीतरी करून टाकली आणि पुन्हा तपासली नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या भूमीवर ही वाटणी टिकत नाही. चंद्रपूर नगराच्या जन्माची आख्यायिकाच पाहा. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला निघाला असता त्याला एक विपरीत दृश्य दिसले. ससा कुत्र्याचा पाठलाग करीत होता. राणीने सल्ला दिला की ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर परकोट बांधावा. दुबळ्याने बलवानाला पळवून लावले त्या जागी नगर वसवावे, असे ज्या समाजाला सुचले त्याची कल्पनाशक्ती वास्तवापासून पळणारी होती असे मला वाटत नाही. त्या परकोटाच्या दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे राजचिन्ह कोरलेले आहे. तसा सिंह आणि त्याच्या पायाशी एवढासा हत्ती कोणत्याही जंगलात सापडायचा नाही. शहराजवळच लालपेठेला अपुऱ्या राहिलेल्या देवळाच्या अजस्र मूर्ती उघड्यावर पडून आहेत. त्यांतल्या दहा तोंडांच्या मूर्तीला लोक रावण म्हणतात, जाणकार तिला दुर्गा म्हणतात, आणि मुले तिच्यावर चढून बसतात. अद्भुतचित्रे हे बाहेरून आलेले खूळ नाही. ती इथल्या दगडात आहेत.

विज्ञानकथेची गोष्टही वेगळी नाही. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्र नुकताच सावरत होता. खडी फोडून दिवस काढलेल्या या राज्यात, प्रकाशालाही बाहेर न सोडणाऱ्या ताऱ्याची कथा वाचणारा वाचक होता, आणि त्याला ती चैन वाटली नाही.

मग ब्रह्मपुरीच्या फितीत आणि सशाच्या कथेत फरक कोणता? ससा आपल्याला कल्पना म्हणूनच भेटतो. ब्रह्मपुरीची फीत पहाऱ्याच्या कॅमेऱ्याचे सोंग घेऊन आली होती. तिला अद्भुतचित्र म्हणणे हा अद्भुताचा अपमान आहे. तो बनावट पुरावा होता, आणि बनावट दस्तऐवजाचा जो विचार कायदा करतो तोच तिचाही व्हावा. हा प्रश्न पोलिसांवर सोडून आपण त्याहून अवघड प्रश्नाकडे वळू. ती फीत करणाऱ्याने कुंचला धरला नाही, कॅमेरा धरला नाही, वाघ पाहिला नाही. मग तो वाघ आला कुठून?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, कारण ‘संगणकावरची चित्रे’ या एका शब्दात त्या नेहमी एकत्र कोंबल्या जातात. पहिली गोष्ट म्हणजे संगणक हे चित्रकाराचे हत्यार. पाटीवर लेखणी फिरवावी तशी पडद्यावर रेषा ओढायची, रंगांचे थर द्यायचे, किंवा मातीचा गोळा घडवावा तसा आभासी गोळा घडवून त्याला कातडे, केस, सावली द्यायची. यात हात, डोळा आणि वर्षानुवर्षांचा सराव लागतो. चुकीची रेषा इथेही चुकीचीच दिसते, फक्त ती पुसणे सोपे होते. दुसरी गोष्ट अलीकडची. २०२२ च्या एप्रिल ते ऑगस्ट या काळात डॅल-ई २, मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्युजन ही नावे लोकांपुढे आली. तिथे आपण एक वाक्य लिहायचे, ‘ढगांवर तरंगणारे नगर, संध्याकाळ, दूरवर ड्रॅगन’, आणि यंत्राने काही क्षणांत चित्र द्यायचे. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत मिडजर्नीतून काढलेल्या एका विज्ञान-अद्भुत चित्राला डिजिटल कलेचे पहिले बक्षीस मिळाले आणि जगभर वाद उसळला. पुढे, सप्टेंबर २०२३ मध्ये, तेथील कॉपीराइट कार्यालयाने यंत्राने निर्माण केलेला भाग मानवी निर्मिती नाही म्हणून त्या चित्राची नोंदणी नाकारली.

पहिल्या प्रकारात चित्रकाराचे कसब त्याच्याजवळच राहते. दुसऱ्यात मात्र कसब आधीच कोणाकडून तरी घेतलेले असते. या यंत्रांना ‘शिकवण्या’साठी लागणारा माल म्हणजे मथळ्यांसह गोळा केलेली चित्रे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लायन-५बी या संग्रहात अशा ५८५ कोटी चित्र-मथळ्यांच्या जोड्यांची नोंद होती, आणि स्टेबल डिफ्युजन त्या संग्रहातल्या भागांवरच घडवले गेले. चित्रकारांना विचारण्याचा प्रश्न कोणाला पडला नाही. ग्रेग रुटकोव्स्की हा पोलंडचा चित्रकार अद्भुत खेळांसाठी ड्रॅगन आणि रणांगणे रंगवण्यात नावाजलेला. ‘रुटकोव्स्कीच्या शैलीत’ असे लिहून लोकांनी २०२२ च्या सप्टेंबरपर्यंतच ९० हजारांहून अधिक चित्रे मागवल्याचे वृत्त आले. आपल्या नावाने शोध घेतला की आपण न काढलेली चित्रेच समोर येतील, ही त्याची तक्रार होती. मार्क्सने यंत्राला साठवलेले, मृत श्रम म्हटले होते. त्याच्यासमोर सूतगिरण्या होत्या. ही व्याख्या रेषा आणि रंगांना इतकी तंतोतंत लागू पडेल असे त्याच्या भाष्यकारांपैकी कोणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात ‘कच्चा माल’ ही संज्ञा शिकवताना मला उदाहरणासाठी कधी दूर जावे लागले नाही. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ मध्ये स्थापन झाला. दशकानुदशके या जंगलातला बांबू ठेक्याने कारखान्याकडे गेला, आणि त्याच जंगलात राहणाऱ्या माणसाने टोपलीसाठी चार काठ्या तोडल्या तर तो गुन्हेगार ठरला. १९२७ च्या वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता. झाड म्हटले की इमारती लाकूड आणि इमारती लाकूड म्हटले की खात्याची मालकी. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले, गावाचा त्यावरील हक्क मान्य केला, आणि तरीही खाते ऐकेना. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २०११ चा एप्रिल उजाडावा लागला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावे लागले. एका शब्दाच्या व्याख्येवर एका जिल्ह्याची मिळकत कशी लटकते, याचा याहून चांगला धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

आता चित्रांकडे पाहा. जंगलातल्या माणसाला चार काठ्या तोडायला बंदी होती. उलट जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी कोट्यवधी चित्रे तोडून नेली तेव्हा ‘हे तर सर्वांसाठी खुले आहे’ असे उत्तर मिळाले. ज्याच्याजवळ भांडवल नाही त्याने सामायिक मालाला हात लावला की चोरी, आणि ज्याच्याजवळ आहे त्याने लावला की संशोधन. मार्च २०२५ मध्ये जपानच्या घिब्ली चित्रसंस्थेच्या शैलीत आपापली छायाचित्रे बदलून घेण्याची लाट आली. तिच्यात आपले केंद्र सरकारही मागे राहिले नाही. पंतप्रधानांची त्या शैलीतली चित्रे सरकारी खात्यावरून प्रसृत झाली. ज्या वृद्ध चित्रकाराने आयुष्यभर हाताने चित्रे काढण्याचा हट्ट धरला त्याच्या शैलीची ही फुकट वाटणी होती.

घिब्लीजवळ निदान वकील आहेत. गोंड चित्रकलेजवळ कोण आहे? कागदावर, कॅनव्हासवर आज जी गोंड शैली म्हणून ओळखली जाते तिचा उगम मध्य प्रदेशातील पाटनगढचे जनगढसिंह श्याम यांच्या हातात आहे. ते परधान; गोंडांच्या देवांच्या आणि राजांच्या कथा बाण्यावर गाणाऱ्या जमातीतले. ही जमात आपल्या चंद्रपूर, गडचिरोली आणि यवतमाळातही आहे. भोपाळच्या भारत भवनाने १९८२ मध्ये त्यांना पुढे आणले, १९८९ मध्ये त्यांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, आणि २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयासाठी चित्रे काढत असताना तिथेच त्यांनी आयुष्य संपवले. शिंगांतून झाड फुटलेले त्यांचे हरीण हे अद्भुतचित्रच आहे, आणि त्यांच्या ठिपक्यारेषांचे वळण आज कोणालाही यंत्राकडून मागवता येते. २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याने नावाचे थोडे रक्षण होते, शैलीचे होत नाही. आणि सीमेच्या अलीकडच्या माडिया आणि परधान माणसाशी त्याचा काही संबंध नाही. भामरागड-एटापल्लीकडचे गोटुलचे कोरीव खांब आणि स्मृतिशिला यांची छायाचित्रे मात्र प्रवासी, पत्रकार आणि संशोधक नित्य काढून नेतात.

विजेचेही थोडे बोलावे. ही यंत्रे ज्या प्रचंड माहितीकोठारांत चालतात त्यांचा देशातला सर्वांत मोठा जमाव मुंबई-नवी मुंबईच्या परिसरात आहे, आणि त्यांना वीज पुरवणाऱ्या राज्याच्या जाळ्यात चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आपला कोळसा जाळून भर घालते. चित्र निघते तिकडे; राख दुर्गापूर-ऊर्जानगरच्या अंगणात पडते.

एवढे सांगून झाल्यावर ‘यंत्र वाईट’ या विधानाकडे परत येतो, कारण ते मला अजूनही मान्य नाही. त्यासाठी वडशाला चलावे लागेल. झाडीपट्टीच्या रंगभूमीची ती राजधानी. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांच्या निमित्ताने सुरू झालेला नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. गावोगाव रात्रभर नाटके होतात, आणि कोणत्याही सरकारी अनुदानावाचून तिकिटांच्या पैशावर हा व्यवसाय उभा आहे. २०२३ मध्ये या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरी वृत्तपत्रांना ती कुठे आहे हे वाचकांना समजावून सांगावे लागले. या रंगभूमीचा एक आधार म्हणजे पेंटर. राजवाडा, अरण्य, नदीकाठ असे पडदे आणि नाटकाच्या जाहिरातीचे फलक तोच रंगवी. फ्लेक्स आला आणि फलकाचे काम पेंटरच्या हातून गेले. त्याच्या जागी संगणकापुढे बसलेला तरुण आला. झाडीपट्टीचे आजचे जाहिरातफलक पाहिले आहेत का? पेटलेले आकाश, नायकाचे डोंगराएवढे मस्तक, कवट्या, वीज, नागिणीचे डोळे, खाली आठ नटांचे चेहरे आणि त्याखाली बुकिंगसाठीचे फोन क्रमांक. अभिजनांना ते भडक वाटतात. मला त्यांत पडद्यांची परंपरा पुढे चालू असलेली दिसते. तो तरुण एका रात्रीत, एका जुन्या संगणकावर, इथल्या प्रेक्षकाला काय पाहायला आवडते हे ओळखून अद्भुतचित्र घडवतो. एकाने मला सांगितले की पेंटरकाकांच्या पडद्यांचे फोटो तो जपून ठेवतो, कारण संध्याकाळच्या आभाळाचा रंग तसा जमत नाही. पेंटरचे जे झाले ते आता या तरुणाचे होऊ घातले आहे. नाट्यमंडळाचा मालक स्वतःच फोनवर वाक्य लिहून फलक मागवू लागला की या दुकानाला टाळे लागेल.

हा तरुण मुंबईला गेला तर त्याची सुटका होईल काय? परदेशी अद्भुतपटांचे संगणकीय काम करणारे हजारो कारागीर आपल्या देशात आहेत. एकेका चौकटीतून माणसाची कड कापून काढणे, दोर पुसणे असे कंटाळवाणे काम त्यांच्या वाट्याला येते. ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटातला संगणकावर घडवलेला वाघ ज्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीचा, तिचे कारागीर मुंबई आणि हैदराबादलाही होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या वाघाला ऑस्कर मिळाले. त्याच महिन्यात, सोहळ्याच्या काही दिवस आधी, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर या जुन्या कंपनीचा डोलारा कोसळला आणि बंगळूर-मुंबईतील सुमारे ३,००० कारागिरांवर एकाएकी घरी बसण्याची पाळी आली. हत्यार दुसऱ्याचे, वाघ दुसऱ्याचा, नफा दुसऱ्याचा. आपले फक्त डोळे आणि पाठ. गिरणगावाच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही.

तेव्हा मुद्दा हत्याराच्या मालकीचा आहे, आणि इथे एक घटना अशी आहे जिची चर्चा सहकाराच्या व्यासपीठांवर व्हायला हवी होती. ब्लेंडर हे त्रिमिती चित्रे आणि चलच्चित्रे घडवण्याचे संगणकीय साधन. ते बनवणारी हॉलंडमधील कंपनी बुडाली तेव्हा, २००२ मध्ये, त्याच्या कर्त्याने वापरणाऱ्यांनाच हाक दिली: एक लाख युरो जमवा, म्हणजे घेणेकऱ्यांकडून हे साधन सोडवून सर्वांसाठी खुले करू. सात आठवड्यांत पैसे जमले. त्या वर्षीच्या १३ ऑक्टोबरपासून ब्लेंडर कोणाच्याही खाजगी मालकीचे उरले नाही. कोणीही ते फुकट वापरावे, उघडून पाहावे, सुधारावे, फक्त सुधारणा वाटायची तर ती त्याच खुल्या अटीवर वाटावी. याउलट व्यापारी साधनांनी विक्रीच बंद केली. अडोबीने २०१३ पासून आपली नवी चित्रसाधने मासिक भाड्यावर दिली. भाडे थकले की स्वतःच्याच चित्राची मूळ फाईल नीट उघडायची पंचाईत. कुळकायदा करणाऱ्या राज्यातल्या माणसाला हे नाते ओळखू यावे.

खुल्या साधनाने काय साधते याचा दाखला मार्च २०२५ मध्ये मिळाला. गिंट्स झिल्बालोदिस या लॅटव्हियाच्या तरुण दिग्दर्शकाचा ‘फ्लो’ हा संवादहीन अद्भुतपट, पुरात सापडलेल्या मांजराची कथा, सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचे ऑस्कर घेऊन गेला. तो ब्लेंडरवर केलेला होता. लॅटव्हियाची लोकसंख्या १९ लाखांहून कमी. २०११ च्या जनगणनेत एकट्या चंद्रपूर जिल्ह्याची २२ लाख होती आणि गडचिरोलीची पावणेअकरा लाख. भाषा, भांडवल, बाजारपेठ यांचा तोटा सांगून हात झटकणाऱ्यांनी हे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत. अर्थात लॅटव्हियात वीज जात नाही आणि शाळेत चित्रकलेचे शिक्षक असतात, हेही खरे.

आणि चित्रे कशाची काढायची? विषयाचा तर इथे सुकाळ आहे. वरोरा तालुक्यातील पिसदुरा या गावी डायनोसोरांची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा सापडते. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळल्याचे सांगितले गेले. तोवर समजूत अशी होती की गवत पसरले ते डायनोसोर गेल्यावर. म्हणजे जगभरच्या चित्रकारांनी रंगवलेल्या त्या बिनगवती रानांना वरोऱ्याच्या मातीने खोडून काढले. सिरोंचा तालुक्यातील वडधामला जीवाश्म उद्यान आहे. त्याच प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, पलीकडच्या तीरावर सापडलेल्या महाकाय प्राण्याला १९७५ मध्ये बारापासॉरस टागोरी असे भारतीय नाव मिळाले. आमच्या मुलांच्या वह्यांवरचे डायनोसोर मात्र अमेरिकेच्या चित्रपटातले. हाडे इथली आणि चित्र तिथले. पिसदुऱ्याच्या गवतात चरणारा तो प्राणी वरोऱ्याच्या किंवा सिरोंच्याच्या मुलीने संगणकावर घडवावा, आणि त्याच्या पाठीवर हवे तर माडिया रेषा उमटवाव्यात, यासाठी लागणारे साधन आज फुकट आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. दहा-वीस बरे संगणक, ब्लेंडर आणि क्रिटा, एक शिकवणारा, आणि सोबत मानधनावर एक जुना पेंटर. हे नियोजन समितीच्या एका रस्त्याच्या खर्चात बसते. वडशाच्या नाट्यमंडळांनी आपले फलक तिथून करून घेण्याची हमी दिली तर ती चित्रशाळा पहिल्याच हंगामात स्वतःच्या पायावर उभी राहील.

परंतु चित्रशाळा काढून कच्च्या मालाचा प्रश्न सुटत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने नेमलेल्या समितीने एक टिपण प्रसिद्ध केले. यंत्रांना शिकवण्यासाठी कंपन्यांना प्रकाशित कृती वापरू द्याव्यात, कर्त्याला नाही म्हणण्याचा अधिकार नसावा, त्याबदल्यात कंपन्यांनी स्वामित्वधन एका मध्यवर्ती संस्थेकडे भरावे आणि तिने ते वाटावे, असा त्याचा आशय आहे. फुकट लुटीपेक्षा हे बरे. पण वाटप कोणाला? ज्याचे नाव कृतीवर आहे त्याला. गोटुलचा खांब कोणी कोरला? बाण्यावर गाइलेली कथा कोणाची? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला कर्ता लागतो, आणि साऱ्या गावाने मिळून, पिढ्यान्‌पिढ्या घडवलेल्या कल्पनेला कर्ता नसतो. बांबूच्या वेळी ‘झाड’ या शब्दाने जे केले तेच इथे ‘कर्ता’ हा शब्द करणार आहे.

याचे उत्तर आपल्या हातातल्याच कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(१)(ट), इंग्रजी पाठात (के), जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित बौद्धिक संपदा व पारंपरिक ज्ञान यांवर समूहाचा हक्क मान्य करते. पेसा कायदा १९९६ चा. तो ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम ठरवतो. वकील मंडळी म्हणतील की ही कलमे संगणकाच्या चित्रांसाठी लिहिलेली नाहीत. खरे आहे. ज्या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले तो वाचूनही खाते बांबू देत नव्हते. मेंढ्याच्या ग्रामसभेने मागणी लावून धरली तेव्हा त्या शब्दाला अर्थ आला. छायाचित्रकार, संशोधक, चित्रपटवाले गावात येतील तेव्हा गोटुल, स्मृतिशिला, देवस्थाने, सण यांचे चित्रण यंत्रांना शिकवण्यासाठी वापरायचे असल्यास ग्रामसभेची लेखी संमती लागेल आणि मोबदला ग्रामकोषात जमा होईल, असा ठराव कोणतीही ग्रामसभा पुढच्या बैठकीत करू शकते. केंद्राची ती मध्यवर्ती संस्था उभी राहणार असेल तर तिच्या वाटपात ग्रामसभा हीही हक्कदार धरावी, अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी आत्ताच नोंदवली पाहिजे. टिपणाचा कायदा झाल्यावर ती अर्जविनंती होईल.

सामूहिक दावे भरून घेण्यासाठी आपले कार्यकर्ते गावोगाव फिरतात. दाव्याच्या नमुन्यात निस्तार, गौण वनोपज, मासे, चराई यांच्या खाली या बौद्धिक संपदेच्या हक्कासाठी एक ओळ छापलेली आहे. तेंदू आणि बांबूच्या घाईत तिच्यापुढे रेघ ओढली जाते. ज्या गावांचे दावे अजून व्हायचे आहेत, तिथे ती रेघ ओढण्याआधी गावातल्या म्हाताऱ्यांना, बाणा वाजवणाऱ्याला आणि फोनवर चित्रे करणाऱ्या पोरांना एका बैठकीला बसवावे आणि तिथे काय लिहायचे ते त्यांना विचारावे.